श्रीवर्धनपेक्षा दुबई जवळ

दोन माणसं भेटली की एकमेकांना “काय, बरं आहे ना?” असं विचारतात. आमचे सारंग विचारायचे, “कवा सुटलास, कवा लागलास?”

लाँच एका धक्क्यावरून सुटते नि दुसऱ्याला लागते. सारंगांच्या मते सगळी सृष्टीच अशी कुठून तरी सुटत होती आणि कुठे तरी लागत होती. शेजारचे आजोबा वारले तेव्हा घरात रडारड चालू असताना सारंगांनी अंगणात येऊन आभाळ न्याहाळलं, बोट ओलं करून वारा पाहिला आणि आजोबांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “पहाटे सुटले ना? वारा बरा हाय. दुपारपर्यंत लागतील.” त्या पोराला एवढा धीर आला की तो डोळे पुसून उठला आणि चहा प्यायला.

लाँच चालवणाऱ्या मुख्य माणसाला सारंग म्हणतात. आमचे सारंग जन्मभर मांडव्याहून गेटवेला आणि गेटवेहून मांडव्याला एवढेच गेले. पण इतक्या वेळा गेले की तेच पाणी सरळ कापलं असतं तर चंद्राला वळसा घालून, तिथे पान खाऊन परत आले असते. मी गावातल्या शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून लागलो आणि त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहिलो. पहिल्या दिवशी वळकटी खाली ठेवायच्या आत प्रश्न आला.

“कवा सुटलास?”

“सकाळी,” मी म्हणालो.

“कंची सकाळ? कोंबड्याची का बँकेची?”

मी चपापलो. ‘बँकेची’ म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बायकोला धक्क्यावर विसरून आलोय. पुढे त्यांनी मला ‘अहोजाहो’ करायला सुरुवात केली, पण त्या दिवशीची बँकेची सकाळ काही विसरले नाहीत.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या हातातून लाँच गेली, तर त्यांनी विमानं चालवायला घेतली. ओटीवर खुर्ची टाकून. मुंबईला उतरायला निघालेली विमानं आमच्या माडांवरून जायची. सारंग हात वर करून, धक्क्यावर खलाशाला करतात तशा खुणा करत ओरडायचे, “डाव्या अंगाला घे रं! डाव्या! आरं, वारा तोंडावर घेऊन चाललास कुठं, येड्या?” आणि एका संध्याकाळी एक विमान खरोखरच डावीकडे वळलं. मी डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवसापासून धक्क्यावरच्या टपरीवर अशी समजूत झाली की मुंबईचा विमानतळ सारंगांना विचारल्याशिवाय एकही विमान जमिनीला टेकू देत नाही. सारंगांनी ती समजूत खोडून काढली नाही. त्यांना फक्त मोटारी वाहून नेणारी नवी रो-रो बोट सोसायची नाही. “ही बोट नाय,” ते म्हणायचे. “गोठा हाय. गाड्यांचा. पाण्यात सोडल्याला.”

काकी म्हणजे त्यांची बायको. अंगानं एवढीशी, बोलायला त्याहून कमी. सारंग दिवसभर बोलत, आणि काकी संध्याकाळी एक वाक्य टाकत. ते एक वाक्य भरतीच्या पाण्यासारखं सगळ्या घरात शिरायचं आणि सारंगांचं दिवसभराचं बोलणं त्यात वाहून जायचं.

काकींच्या माहेरी बायकांचा एक नियम होता. नागपंचमीला आणि गौरीला पातोळ्या करायच्या. हळदीच्या पानावर तांदळाची उकड थापायची, आत गूळखोबरं भरायचं, पान दुमडायचं आणि वाफेवर ठेवायचं. मग त्या लग्न झालेल्या लेकीच्या घरी गरम पोचवायच्या. म्हणून लेक द्यायची ती एवढ्याच अंतरावर, जिथे पातोळी निवायच्या आत पोचेल. काकींच्या आईनं हा नियम पाळला, आजीनं पाळला. काकी स्वतः सासरी आल्या त्या माहेराहून तीन शेतं ओलांडून. कुणी किलोमीटर म्हणो, कुणी मैल म्हणो, काकींच्या हिशेबात जगात दोनच गावं होती: गरम पातोळीतलं आणि गार पातोळीतलं.

त्यांना एकच लेक. तिला सगळे बाय म्हणत. बायला श्रीवर्धनचं स्थळ आलं. सुपारीची वाडी, चिऱ्याचं घर, मुलगा निर्व्यसनी. पाहुणे पोहे खाऊन खूश झाले. काकींनी आतून विचारलं, “एस्टी किती वेळ घेते?” मुलाच्या बापानं अभिमानानं सांगितलं, “सकाळची धरली की दुपारच्या जेवणाला श्रीवर्धन.”

“मुरूडलाच निवेल,” काकी म्हणाल्या आणि कपबशा उचलल्या. स्थळ संपलं. पाहुण्यांना अखेरपर्यंत कळलं नाही की मुरूडला नक्की काय निवतं.

त्यानंतर चौलचं स्थळ आलं. चौल म्हणजे रिक्षानं जायचं गाव. काकी हसऱ्या तोंडानं बाहेर येऊन बसल्या. मुलगा देखणा, बाय त्याच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करत होती, सगळं जुळत आलं आणि मुलगा म्हणाला की घर चौलला आहे, पण तो स्वतः राहतो दुबईला. एसी बसवणाऱ्या कंपनीत आहे.

काकी उठल्या. बायचा चेहरा चुलीवरून उतरवलेल्या दुधासारखा बसला. आणि सारंगांनी सवयीनं, निव्वळ सवयीनं, विचारलं, “कवा सुटतंस नि कवा लागतंस?”

मुलानं मोबाइलमधलं तिकीट दाखवलं. “मुंबईहून दुपारी चारला निघतं. दुबईला पाच-चाळीसला पोचतं.”

सारंग खुर्चीतून असे उठले की खुर्ची त्यांच्याबरोबर थोडी आली. “पावणेदोन तास बी नाय? अगो, ऐकलंस? थांब! तुझी पातोळी पनवेलच्या एस्टीत यापेक्षा जास्त निवंल!”

आता हे तिकीट छापणारे लोक भामटे नसतात, पण त्यांची एक रीत असते. सुटायची वेळ लिहितात मुंबईच्या घड्याळानं आणि पोचायची लिहितात दुबईच्या. दुबईचं घड्याळ आपल्यामागे दीड तास. म्हणजे विमान उडतं तीन तासांच्या वर, कागदावर दिसतं पावणेदोन. मुलगा हे सांगायला तोंड उघडत होता. तेवढ्यात त्याची नजर बायकडे गेली. बायनं त्याच्याकडे एकदाच पाहिलं. मुलानं तोंड मिटलं. मुलगा संसाराला लायक आहे, हे मला तेव्हाच पटलं.

“आणि येताना?” सारंगांनी विचारलं.

“दहाला निघतं, अडीचला पोचतं.” बिचाऱ्याला खोटं बोलता येईना.

“साडेचार तास?” काकी दारातून म्हणाल्या. “जाताना येवढंसं आन् येताना येवढं?”

मी म्हटलं, संपलं. पण सारंग आयुष्यभर ज्या पाण्यात होते त्यानं त्यांना ऐनवेळी हात दिला. ते हसले. “मग? भरतीबरोबर गेटवेला जाताना आपली लाँच कशी धावते? आन् येताना उलट्या पाण्यानं कशी रडते? वर हवा हाय. हवेला वढ नाय काय? दुबईकडं हवेची वढ हाय. जाताना पाठीवर, येताना तोंडावर.”

जन्मभर लाँच चालवलेला माणूस सांगत होता. काकींनी बायकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि विचारलं, “पातोळी गरम पोचेल?”

“चटका बसेल,” सारंग म्हणाले. आणि लग्न ठरलं.

त्या दिवसापासून सारंगांचं जगाचं मापच बदललं. धक्क्यावर कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की ते म्हणायचे, “येवढ्यात मी दुबईला लागलो असतो.” श्रीवर्धनचे लोक भेटले की मुद्दाम सांगायचे, “तुमच्यापेक्षा दुबई जवळ.” त्या श्रीवर्धनच्या सुपारीवाल्यांनी हे ऐकून आमच्या गावाकडे सुपारी पाठवणं बंद केलं, असं म्हणतात. निदान मी तरी म्हणतो.

मी नवीन मास्तर, मला दम निघेना. एके दिवशी शाळेतला पृथ्वीचा गोल उचलला, टपरीवर नेला आणि सगळ्यांसमोर सूर्य, दिवस, रात्र, घड्याळं हे सगळं फोडून सांगितलं. गोल फिरवून दाखवला. म्हटलं, पृथ्वी अशी, पूर्वेकडे फिरते. सारंगांनी शांतपणे चहा संपवला, गोल आपल्याकडे ओढला आणि बशी उचलून मुंबईवर धरली.

“ही बशी म्हंजे विमान. विमान उडालं, वर हाय. खाली पृथ्वी कुठं फिरती मास्तर?”

“पूर्वेकडे.”

“मग दुबई कुठं येती?”

त्यांनी गोल फिरवला. दुबई सरळ बशीखाली येऊन थांबली. टपरीवर टाळ्या पडल्या.

“दुबई आपल्याकडं चालत येती,” सारंग म्हणाले. “आन् येताना मुंबई पुढं पळती. मास्तर, तुमी हे आधी का नाय सांगितलंत? मी उगाच हवेच्या वढीवर भागवत होतो.”

सहामाही परीक्षेत भूगोलाच्या पेपरात अख्ख्या सातवीनं हेच लिहिलं. भूगोलाच्या बाई माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलल्या नाहीत. मी पुढे एकदा वाचून आलो की वरच्या थरात वारे पश्चिमेकडून येतात, त्यामुळे विमानाला जाताना उलट थोडा जास्तच वेळ लागतो आणि येताना कमी. हे सांगायला सारंगांच्या ओटीवर गेलो, तर त्यांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग माझा दंड धरून मला माडाखाली नेलं. “मास्तर, ते वाऱ्याचं, घड्याळाचं, काय असंल ते शाळेत. माझ्या घरात नाय बोलायचं.” आवाज नेहमीचा नव्हता. मी ते त्यांच्या घरात पुन्हा बोललो नाही.

लग्नाला काही वर्षं झाली आणि बायला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. बायला नवऱ्याला सोडून यायचं नव्हतं, दवाखाना तिकडे ठरला होता. ती फोनवर रडली, काकी फोनवर गप्प राहिल्या, आणि संध्याकाळी त्यांनी त्यांचं एक वाक्य टाकलं.

“गौरीच्या पातोळ्या मी स्वतः घेऊन जाते, गरम पोचल्या तर बाळंतपण तिकडं, गार पोचल्या तर बायला घेऊन येनार, आन् परत धाडायचं का नाय ते मी ठरवनार.”

सारंगांनी बाजू मांडून पाहिली. म्हणाले, मोजायचं ते विमानतळ ते विमानतळ मोजायचं. घरापासून विमानतळापर्यंत आपलाच मुलूख, तो कशाला धरायचा? काकी म्हणाल्या, “मला मोजनं कळत नाय. पातोळीला कळंल.”

दुसऱ्या दिवशी बायचा फोन माझ्या मोबाइलवर आला. “मास्तर, बाबांना सांगा, काय पण करा, पण पातोळ्या गरम लागू देत. तुमचं पण तिकीट पाठवते.” मी निरोप सांगायला गेलो तेव्हा सारंग परसात हळदीच्या रोपांजवळ उकिडवे बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “तीन तास लागतात ना हो खरे?”

“वर थोडे.”

“आन् त्याच्या आधी विमानतळावर बसवून ठेवतात.”

“तीन तास.”

“आन् घरापासून विमानतळ...” ते हिशेब करायचे थांबले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुठल्याही प्रवासाची लांबी ऐकायची नव्हती. “मी तिला बोललोय, चटका बसेल.”

गौरीचा सण आला. मी शाळेतून आजारपणाची रजा घेतली. आजार कोणता, हे मुख्याध्यापकांनी विचारलं नाही. गोलाच्या प्रकरणापासून ते मला आजारीच समजत होते. काकींनी पहाटे उठून पातोळ्या वाफवल्या, पितळी डब्यात एकावर एक गोल रचल्या, झाकण दाबलं. डब्याला त्यांनी खास गोधडीचं आंगडं शिवलं होतं, बाळाला शिवतात तसं. त्यावर शाल. मग ते गाठोडं त्यांनी जे मांडीवर घेतलं ते घेतलंच. आम्ही रो-रोनं निघालो. सारंग त्या गोठ्यात पाय ठेवणार नव्हते, पण डब्याकडे पाहून निमूट चढले आणि भाऊच्या धक्क्यापर्यंत डोळे मिटून बसले, कुणी ओळखू नये म्हणून.

विमानतळावरच्या तपासणीला खरा दंगा झाला. यंत्रात डबा गेला, पडद्यावर गोल गोल चकत्या दिसल्या. शिपाई म्हणाला, “मावशी, उघडा.”

“उघडायचा नाय,” काकी म्हणाल्या.

“उघडावा लागेल.”

“वाफ जाईल.”

“मावशी, नियम आहे.”

“नियम माझा पन हाय.”

मागे रांग गेटवेपर्यंत गेली असावी. वरचा साहेब आला, त्याच्या वरचा आला. शेवटी काकींनी झाकण बोटभर उचललं आणि पटकन मिटलं. बोटभरच, पण हळदीच्या पानाचा वास सुटायचा तो सुटला. तो शिपाई कुठला होता देव जाणे, त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, “जा मावशी. लेकीकडे ना? जा.” त्यानंतर बसून बसून आमची पाठ आणि डब्यातल्या पातोळ्या दोन्ही गारठल्या. सारंग मधूनच शालीत हात घालून पाहायचे आणि हात बाहेर काढताना त्यांचं तोंड शेवटची लाँच चुकलेल्या माणसासारखं व्हायचं.

विमानात काकी खिडकीशी, सारंग मध्ये, मी कडेला. उडताना हवाई सुंदरीनं डबा पायाशी ठेवायला लावला. विमान वर गेलं, आणि काकी खिडकीला नाक लावून बघू लागल्या. तेवढ्यात सारंगांनी पायानंच, जन्मभर सुकाणू धरलेल्या माणसाच्या सफाईनं, आंगड्यातून डबा सोडवला, त्या जागी विमानातली उशी कोंबली आणि डबा माझ्याकडे ढकलला. मी तो शर्टाखाली घेऊन मागे निघालो. गरोदर बायका चालतात तसा.

हवाई सुंदरी म्हणाली, बाहेरचं अन्न आम्ही गरम करत नाही. मी इंग्रजीत विनवलं, मराठीत विनवलं. मग मागून सारंग आले. त्यांचं हिंदी लाँचवरचं. “बेटी, मैं बी कप्तान. तू बी बोटपे, मैं बी बोटपे. इस डब्बे में मेरी लडकी का सौंसार है. वो गरम उतरेगा तो चलेगा, थंडा उतरेगा तो डूबेगा.”

मुलीनं डबा घेतला. म्हणाली, “लेकिन अंकल, उतरने के थोडा पहले.” दोन पातोळ्या तिला आणि एक पायलटाला, असा सौदा झाला. पायलटाचं नाव सारंगांनी स्वतःहून घातलं. “कप्तानाचा मान असतो,” म्हणाले.

इकडे सारंगांनी मनगटावर बाही ओढून घड्याळ झाकलं होतं. काकी घड्याळ लावत नाहीत. त्यांची वेळ उन्हावर. सारंग दर थोड्या वेळानं त्यांना खिडकीतून दाखवायचे, “बघ, ऊन तसंच हाय. दिवेलागन बी झाली नाय.” आणि खरंच नव्हती झाली. विमान सूर्याच्या मागे मागे चाललेलं, तर सूर्य बुडणार कसा? गावी एव्हाना तुळशीपुढे दिवा लागला असेल, आणि इथे लख्ख ऊन. एवढा मोठा सूर्य, पण सारंगांच्या बाजूनं खोटी साक्ष द्यायला उभा राहिला होता.

आणि मग मागून वास आला.

भट्टीत डबा तापला तशी हळदीच्या पानांनी विमान ताब्यात घेतलं. आधी मागच्या रांगेतला एक रत्नागिरीकर उठून उभा राहिला नि म्हणाला, “कोणाकडे आहेत?” मग दुसरा उठला. पुढच्या भारी तिकिटाच्या खुर्च्यांवरून एक गृहस्थ पडदा सारून आमच्यात आले आणि परत जाईनात. एक केरळची नर्स डोळे पुसत म्हणाली की तिची अम्मासुद्धा अशाच पानात काहीतरी करते. मी म्हणतो, विमान त्या वासानं थोडं वर उचललं गेलं. पुरावा मागू नका.

काकींनी दोनदा हवा हुंगली. पायाशी असलेल्या गोधडीच्या आंगड्याकडे पाहिलं. मग मागे, जिथून वास येत होता तिकडे पाहिलं. मग सारंगांकडे. सारंग छताकडे पाहत होते.

“कुनी तरी आपल्यासारख्याच पातोळ्या आनल्यात,” काकी म्हणाल्या.

“अंऽ. असंल,” सारंग म्हणाले. “कोकनातली मानसं सगळीकडं हायत.”

काकी पुन्हा खिडकीबाहेर पाहायला लागल्या. पुढे उतरेपर्यंत त्यांनी मान वळवली नाही, त्यामुळे डबा जागच्या जागी परत जायला काहीच अडचण आली नाही.

बाहेर बाय उभी होती, पोटावर हात ठेवून. शेजारी जावई. गळाभेटी, रडणं, सगळं झालं आणि काकी तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत, बाकावर बसल्या. शाल सोडली. आंगडं सोडलं. बाय बापाकडे बघेना, बाप माझ्याकडे बघेना, जावई तर कुणाकडेच बघत नव्हता. काकींनी झाकण उघडलं. वाफ आली. सरळ वर गेली आणि त्यांच्या चष्म्यावर बसली. त्यांनी पातोळीला बोट लावलं आणि चटकन ओढून तोंडात घातलं.

“चटका बसला,” सारंग म्हणाले.

“बसला,” काकी म्हणाल्या. चष्मा पुसून त्यांनी डब्यात पाहिलं. “गोल रचल्या होत्या मी. हे खिंडार कसलं?”

“गार झाल्या की आकसतात,” सारंग म्हणाले.

“गार?”

“म्हंजे... गरम झाल्या की.”

काकींनी एक पातोळी उचलली, फुंकर मारली, पान सोडवलं आणि बायला भरवली. “मी काढल्या तवा पन येवढ्या गरम नव्हत्या,” त्या म्हणाल्या. मग पदराला हात पुसले. “ठरलं ते ठरलं. बाळंतपन हितंच.”

सारंगांनी मला मिठी मारली, जावयाला मारली, सामानाची गाडी ढकलत चाललेल्या एका अनोळखी माणसालाही मारली. त्यांची मिठी सुटायची वाट बघून काकी पुढे म्हणाल्या, “आन् मी पन हितंच.”

“हितंच म्हंजे?”

“जाताना पावनेदोन तास, ते झाले. येताना साडेचार, उलट्या पान्यानं. तुमीच सांगितलंत. या वयात मला नाय झेपायचं.”

“अगो पन...”

“वढ तोंडावर हाय ना?”

सारंगांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. ते कसं पाहायचं ते त्यांच्याकडूनच शिकलो होतो. वर्षानुवर्षं टपरीवर सिद्ध केलेला सिद्धांत होता. तो मोडायचा तर पावणेदोन तासही मोडले असते, आणि त्या तासांवर तर सगळं लग्न उभं होतं.

“वढ हाय,” सारंग म्हणाले. “हाय खरी.”

“मग पानी फिरलं की येते.”

चार दिवसांनी आम्ही दोघेच परतलो. आणि दुष्टपणा बघा, त्या दिवशी वारा असा पाठीवर होता की विमान वेळेच्या बरंच आधी मुंबईला लागलं. सारंगांनी पट्टा सोडायच्या आत फोन लावला. “अगो! पानी फिरलंय! वारा पाठीवर होता, लवकर लागलो!”

पलीकडून काकींचा आवाज मलाही ऐकू आला. “आज फिरलं असंल. उद्याचं काय सांगावं?”

त्यानंतरचे महिने सारंगांनी स्वतः भात शिजवला. म्हणजे मी शिजवला आणि त्यांनी तो कवा सुटला, कवा लागला ते पाहिलं. ओटीवरची खुर्ची तशीच होती, पण विमानांना डावीकडे वळवणं बंद झालं. विमानं आपापली कशीबशी उतरत होती. नात झाली तेव्हा मध्यरात्रीपासून फोन धरून बसलेल्या सारंगांनी पहिला प्रश्न विचारला, “दवाखान्यात कवा गेली, पोर कवा लागलं?” दोघी सुखरूप आहेत असं कळल्यावर ते फोन हातात घेऊनच अंगणात गेले आणि बोट ओलं करून वारा पाहू लागले.

एकदा टपरीवर कुणा पाहुण्यानं, गंमत माहीत असल्यामुळे, मुद्दाम विचारलं, “सारंग, दुबई किती लांब हो?” आम्ही सगळे ठरलेल्या उत्तराची वाट बघत थांबलो. श्रीवर्धनपेक्षा जवळ. सारंगांनी बशी खाली ठेवली. “लांब हाय,” म्हणाले. “लय लांब हाय.” चहावाल्यानं त्या दिवशी त्यांच्या चहात न सांगता आलं घातलं.

काकी आल्या त्या थंडी सरताना. जावई मुंबईपर्यंत घेऊन आला, तिथून लाँचनं मांडवा. धक्क्यावर अर्धा गाव जमला होता, कारण सारंग बायकोला काय विचारणार हे सगळ्यांना माहीत होतं आणि ऐकायचं होतं. लाँच लागली. काकी खलाशाच्या हाताला धरून उतरल्या. सारंग पुढे झाले. तोंड उघडलं. मिटलं. अख्ख्या जन्मात त्यांनी ज्याला विचारलं नाही असं माणूस मी तेवढं एकच पाहिलं.

काकींनी घटकाभर वाट पाहिली. मग गावाकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “साडेचार तास लागले. हे बोलत होते तसंच. काय ती वढ, बाय बाय बाय.”

सारंगांची छाती हळूहळू भरली. भरतीला मचवा उचलला जावा तशी. ते माझ्याकडे वळले. “ऐकलंत, मास्तर?”

“ऐकलं,” मी म्हणालो.

काकींनी काखेतलं गाठोडं माझ्या हातात दिलं. तोच पितळी डबा, तेच गोधडीचं आंगडं, आत काहीच नाही.

“जपून धरा, मास्तर,” त्या म्हणाल्या. “चटका बसंल.”

डबा बर्फासारखा गार होता. मी दोन्ही हातांनी धरून घरापर्यंत फुंकर मारत नेला.